वैद्यबुवांची दुतोंडी वही

त्यांना वैद्यबुवा म्हणायचं की पंतोजी, हे त्यांच्या दारात पाऊल टाकण्याआधी ठरवावं लागे. कसबा पेठेत, कागदीपुऱ्याच्या तोंडाशी त्यांचं लहानसं घर होतं. पुढे लांबलचक पडवी. पडवीच्या उजव्या अंगाला रोगी बसत, डाव्या अंगाला शाळेची पोरं. रोग्याने चुकून 'पंतोजी' अशी हाक मारली तर ते त्याला तिथल्या तिथे निमकी, म्हणजे अर्ध्याचा पाढा, म्हणायला लावत. पोराने 'वैद्यबुवा' म्हटलं तर "अस्सं? रोगी झालात का? या," म्हणून कडू काडेचिराइताचा घोट पाजत. काडेचिराईत प्यालेलं पोर पुन्हा आयुष्यात चुकत नसे. रोगी मात्र चुकत, कारण तापात माणसाला निमकी कुठली आठवायला.

त्यांचं खरं नाव मला ठाऊक होतं. पण पेठेत ते कुणी घेत नसे आणि त्यांच्या पत्नीने तर घ्यायचा प्रश्नच नव्हता. मग मीच कशाला घेऊ.

पोरांना ते अहोजाहो करीत. सहा वर्षांच्या शेंबड्या पोरालासुद्धा, "अहो, आधी नाक पुसा, मग 'न' काढा." रोग्यांना मात्र सरसकट अरेतुरे, मग रोगी पालखीतून उतरलेला का असेना. एकदा बुधवार पेठेतल्या एका सावकाराला ते फार झोंबलं. "वैद्यबुवा, त्या पोराटोरांना अहो आणि मला अरे?"

"ही पोरं पुढे कोण होतील सांगता येत नाही," ते म्हणाले. "उद्या यांतलंच एखादं दरबारात बसलं तर मला त्याच्यापुढे हात बांधून उभं राहायचंय. तुझं काय, जे व्हायचं ते होऊन गेलंय. जीभ दाखव."

सावकाराने जीभ दाखवली.

रोगी आणि पोरं यांच्या सीमेवर, पडवीच्या बरोब्बर मधोमध, त्यांची घोंगडी आणि मांडीवर वही. दोन्ही कामांना एकच वही. पुढून उघडली की रोगी, उलटी धरून मागून उघडली की विद्यार्थी. दोन्ही तोंडांकडून लिहीत लिहीत ज्या दिवशी पानं मधे भेटत, त्या दिवशी काकी शिरा करीत आणि नवी वही शिवायला घेतली जाई. काकी म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण वहीत काय आहे ते वहीपेक्षा त्यांनाच नीट ठाऊक असे. खलबत्त्यात कुटता कुटता आतून आवाज येई, "त्या कासाराच्या सुनेला ताप एकादशीला आला. तुम्ही द्वादशी लिहिलीत."

"वहीत द्वादशी आहे."

"असेल. वहीला उपास नव्हता. मला होता."

मग ते मुकाट्याने द्वादशी खोडत आणि शेजारी लिहीत, 'चूक माझी.' अशा 'चूक माझी' त्यांच्या वहीत पुष्कळ होत्या. कागदीपुऱ्यातले म्हातारे चाचा त्यांना कागद पुरवीत. कागद घोटून घोटून चाचांचे तळहात आरशासारखे गुळगुळीत झाले होते. चाचा म्हणत, "बुवा, दुसरे वैद्य चूक झाली तर रोग्याचं नशीब म्हणतात. तुम्ही कागदावर लिहिता. आमचा धंदा तुमच्या चुकांवर चाललाय."

वडिलांच्या आणि आजोबांच्या वह्याही त्यांनी लाल रुमालात बांधून ठेवल्या होत्या. तीन पिढ्यांचं वैद्यपण आणि तीन पिढ्यांची शाळा. एखादं पोर रडकुंडीला आलं की ते रुमाल सोडत आणि आजोबांच्या वहीतलं एक पान काढून दाखवत. तिथे आजोबांनी स्वतःच्या मुलाविषयी, म्हणजे यांच्या वडिलांविषयी, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: 'ढ. याचे काही होणे नाही.'

"वडील पुढे सगळ्या पेठेचे वैद्य झाले," ते म्हणत. "आणि आजोबांचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं. म्हणून आमच्या वहीत आता मत लिहायचं नाही. डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. हे बघा, वडिलांनी माझ्याबद्दल लिहिलंय: 'बोटांवर मोजतो. हात पंच्याखाली लपवितो.' हे बरोबर आहे. पाहून लिहिलंय."

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा चांगला तेवीस वर्षांचा घोडा होतो. आणि गेलो तो लबाडी करूनच.

मी मूळचा खाली कोकणातला, खाडीकाठचा. आठव्या वर्षी गावच्या पंतोजींच्या छडीला भिऊन जो खाडी ओलांडायच्या तरीत बसून पळालो, तो पुन्हा धूळ पसरून अक्षरं गिरवायच्या धुळपाटीला हात लावला नाही. वडील गेल्यावर आई मामांच्या घरी स्वयंपाकाला राहिली. बहिणीला आधार दिला, असं मामा चारचौघांत सांगत. घरात आईला कुणी उजेडात बसलेली पाहिली नाही. चुलीपुढून उठली तर उखळापुढे. मी पुण्याला निघालो तेव्हा मामांनी उंबऱ्यावर विचारलं, "काय होणार आहेस तिकडे?" मी तोंडाला आलं ते बोललो, "कारकून." मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो. आणि मग मला घेऊन जाईल."

पुण्यात मी एका सरदारांच्या पागेत वैरण वाटण्याच्या कामाला लागलो. चार वर्षं गवताचे भारे उचलले. मग एका आषाढात पागेचे कारभारी मला म्हणाले, "घोड्यांचे चेहरे लिहिणाऱ्या म्हाताऱ्याची नजर गेली. दसऱ्याला स्वारी उत्तरेला निघणार. तुम्हाला घोड्यांची पारख आहे. लिहिता येतं का?"

घोड्याचा चेहरा लिहिणं म्हणजे त्याचा रंग, वय, भोवरे, डाग, खोडी, सगळं टिपून ठेवणं, म्हणजे वाटेत कुणी जनावर बदललं तर ओळखता यावं. मला जनावरं पाठ होती. पण लिहायला माझं नाव आणि 'श्री', एवढंच येत होतं. माझी मान मात्र फार भित्री. मी विचार करायच्या आत ती हलते. तेव्हाही हलली.

"कुठे शिकलात?"

पुण्यातले एकच पंतोजी मला ऐकून ठाऊक होते. "कसब्यातल्या वैद्यबुवांकडे."

"वा. त्यांच्या वहीत सगळं असतं म्हणतात. तुमच्या नावाचा उतारा आणा. दसऱ्याच्या आत."

झालं. उतारा आणला नाही तर खोटेपणा उघडा पडणार, वैरणीचं कामही जाणार, आणि मामांच्या उंबऱ्यावर परत. चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी वैद्यबुवांच्या पडवीत जाऊन उजव्या अंगाला बसलो. आजारी होतोच की.

"काय होतंय रे?"

"पोटात खड्डा पडतो. हातापायांना घाम सुटतो."

त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले. मग म्हणाले, "ताप नाही. थाप आहे. कुणाला मारलीस?"

माझा बांध फुटला. सगळं सांगून टाकलं, मामांच्या ठसक्यापासून कारभाऱ्यांच्या उताऱ्यापर्यंत. रोग्यांची अख्खी रांग खोकायची थांबून ऐकत होती. तांबट आळीतली एक म्हातारी डोळे पुसत म्हणाली, "द्या की बुवा दोन ओळी लिहून बापड्याला. तुमचं काय जातंय?"

"म्हातारे, तुला खोकला नाही असं वहीत लिहिलं, तर जाईल का तुझा खोकला?"

म्हातारी उत्तरादाखल खोकली.

त्यांनी वही पुढून उघडली आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "'खोटे बोलून आला. हात गार. सुटका हवी.'" मग वही उलटी केली, मागून उघडली, आणि वर न बघता म्हणाले, "धुळपाटी त्या कोपऱ्यात आहे. बसा."

मी मागे वळून पाहिलं, कुणाला सांगतायत ते.

"अहो, तुम्हालाच म्हणतोय. दसऱ्याला अडीच महिने आहेत. रोज पागेतून सुटलात की यायचं."

त्या एका 'अहो'ने मला जे वाटलं ते पुढे सरदारांनी हाक मारली तेव्हाही वाटलं नाही.

अशा रीतीने मिशा फुटलेला मी सतरा पोरांच्या ओळीत बसलो. माझ्या शेजारी सात वर्षांचा एक सोनाराचा मुलगा होता. मी 'ख' उलटा काढला की तो माझ्या मांडीला चिमटा काढी आणि हळूच म्हणे, "दादा, असा नाही हो." पंतोजींच्या देखत कुणी हसत नसे. कारण हसणाऱ्याचं हसू वहीत जाई: 'आज दुसऱ्याच्या चुकीस हसला. स्वतःची चूक तीच.'

त्यांच्या शाळेचा आणि औषधांचा एक विलक्षण सांधा होता. त्यांच्या घरी वेळ मोजायला पाण्यात बुडणारं घटिकापात्र नव्हतं. काढे उकळायचे ते पोरांच्या पाढ्यांवर. मागच्या अंगणात काकींची चूल, पडवीत पोरांचा कल्ला. सुंठीचा काढा एका पावकीत उतरवायचा, गुळवेलीचा दीडकीत, आणि अडुळशाच्या काढ्याला साडेतीनचा पाढा, म्हणजे औटकी, पुरी तीन वेळा. "घटिकापात्र नुसतं बुडतं," ते म्हणत. "पोरं बुडतात आणि शिकतातही." पाढा संपला की पोरं एका दमात ओरडत, "उतरवाऽऽ!" आणि काकी पातेलं उतरवत. पेठेतल्या कित्येक बायका घरचं दूध त्या आवाजावर तापवीत, असं म्हणतात.

एके दिवशी त्यांनी मला औटकी सांगायला पुढे बसवलं. मी सांगायचं, पोरांनी मागून म्हणायचं. तांबटीण म्हातारीचा काढा चुलीवर होता. मी सुरू केलं, "एक औटे औट, दोन औटे सात..." सहा औटे एकवीसपर्यंत सुखरूप पोचलो. सातवर येऊन अडलो. आता घाबरलेल्या माणसाची एक खोड असते. अडला की तो पुढे जात नाही, पहिल्यापासून धरतो. मी पुन्हा "एक औटे औट" म्हटलं. पोरांनीही म्हटलं. पुन्हा सातवर अडलो. पुन्हा पहिल्यापासून. शिस्त अशी की पुढे बसलेला म्हणेल ते म्हणायचं, त्यामुळे सतरा पोरं माझ्यामागून निष्ठेने गोल गोल फिरत राहिली. काकींचीही शिस्त तशीच. "उतरवा" आल्याशिवाय पातेल्याला हात नाही. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी आतून काकींचा शांत आवाज आला, "अहो, काढा आता पळीला चिकटायला लागलाय. अजून किती औटक्या आहेत?"

पातेलं बाहेर आलं. तळाशी काळपट, चिकट असं काहीतरी उरलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वैद्यबुवांनी त्यात बोट घातलं, स्वतः चाटलं. ते प्रत्येक औषध आधी स्वतः घेत आणि त्यांचा चेहरा कधी हलत नसे. मग थोडा मध घालून वाटी म्हातारीपुढे केली. "चाट."

म्हातारीने चाटलं. आणखी चाटलं. मग वाटी पदराआड घेतली. तिसऱ्या दिवशी ती दारातूनच ओरडत आली, "बुवा, खोकला निम्मा गेला. ते अडाणी कारकुनाचं चाटण आणखी द्या!"

वहीच्या मागच्या बाजूला नोंद झाली: 'औटकीत सातावर अडला. चारदा मागे फिरला.' पुढच्या बाजूला: 'काढा आटून चाटण झाले. म्हातारीस गुण. पाककृती चुकीने सापडली.' तेव्हापासून ते चाटण करायचं असलं की मलाच पुढे बसवत आणि म्हणत, "आता मुद्दाम अडा." आणि बघा, मुद्दाम अडायचं म्हटलं की मला औटकी सरळ शेवटपर्यंत येई. चाटण बिघडे, औटकी मात्र पक्की झाली. हे त्यांनी ठरवून केलं की काय, हे मला आजवर कळलेलं नाही. विचारलं असतं तर म्हणाले असते, वहीत बघा.

दुपारी कुणाच्या घरून बोलावणं आलं तर शाळा सोडायची, हे त्यांना मान्य नव्हतं. शाळाच घेऊन निघत. पुढे ते, मागे धुळपाट्या काखोटीला मारलेली पोरं, सगळ्यांत शेवटी मी. पेठेतले दुकानदार उठून बघत. कुणी विचारी, "बुवा, कुठे निघाली फौज?" ते म्हणत, "पोटदुखीवर."

जीभ दाखवलेल्या त्या सावकाराची बायको तीन महिने अंथरुणावर होती. बोलत नव्हती, खात नव्हती, भिंतीकडे तोंड करून निजलेली. आम्ही सतरा अधिक एक तिच्या माजघराबाहेर ओळीने बसलो आणि वैद्यबुवांनी पावकी सुरू करायला सांगितली. सावकार हात जोडून म्हणाला, "अहो, ती आजारी आहे!"

"म्हणूनच तर. तिच्या कानावर तीन महिने तुम्हा लोकांची कुजबुज पडतेय. बाहेर जग चालू आहे हे तिला कोण सांगणार? अहो मुलांनो, मोठ्याने."

पावकी झाली, निमकी झाली. पाऊणकीच्या मध्यावर एका पोराने अंगणातल्या मोगऱ्याच्या आळ्यात धुळपाटी झटकली. सगळी धूळ रोपावर. तोच खिडकीतून कडाडून आवाज आला, "कुठलं रे कार्टं ते? माझा मोगरा आहे तो!" बाई उठून बसल्या होत्या. मग दारापर्यंत आल्या. मग त्या पोराचा कान धरायला अंगणात उतरल्या. मग इतक्या बोलल्या की तीन महिन्यांचं साचलेलं सगळं निघालं. नंतर आम्हां सगळ्यांना पोहे मिळाले, त्यांच्याच हातचे.

वैद्यबुवांनी तिथेच बसून लिहिलं: 'मोगऱ्यावरून रागावली. चालली. नाडी उत्तम.' मग वही उलटी करून: 'धुळपाटी जागा पाहून झटकणे, शिकवणे राहिले. चूक माझी.'

माझ्याकडून ते अक्षरं गिरवून घेत ती जुजबीच. मोडी लिहायला लागलो तसा त्यांनी नेम लावला: रोज पागेतला एक घोडा, एका ओळीत. पहिल्या दिवशी मी मोठ्या अभिमानाने लिहून नेलं, 'घोडा तांबडा आहे.'

"तुमच्या पागेत तांबडे किती?"

"असतील तीसचाळीस."

"मग तुम्ही कोणाविषयी लिहिलंत? तिसातल्या की चाळिसातल्या?"

दुसऱ्या दिवशी लिहिलं, 'उजव्या कानास चीर.' ते त्यांनी वाचून परत दिलं, म्हणजे चाललं. हळूहळू ओळी लांबल्या. मला भीती वाटायची ती कधी सरली नाही. अजूनही पत्र लिहून झालं की मी तीनदा वाचतो. पण आता भीती पोटात राहिली, बोरूपर्यंत पोचेना.

नवरात्र आलं. आठव्या माळेला मी म्हणालो, "पंतोजी, उतारा."

"तुमचा तुम्हीच करा. कारभाऱ्यांना उतारा हवाय ना? कोणाच्या हातचा हवा, ते नाही म्हणाले. खाली सही मी करीन."

चाचा नेमके कागद घेऊन आले होते. त्यांनी एक ताव निवडून माझ्यापुढे ठेवला. "हा माझा सगळ्यांत घोटलेला. यावर खाडाखोड लपत नाही हां, आधीच सांगतो." वैद्यबुवा एका रोग्याकडे वळले आणि मी वही मागून उघडली.

माझी पानं होती अडीच महिन्यांची. काय काय नव्हतं त्यांत. 'ख उलटा.' 'सातावर अडला.' 'न समजता मान हलवितो.' 'आज न समजता मान हलविली नाही, विचारले.' 'घोडीचा भोवरा डावीकडचा उजवीकडे लिहिला, स्वतः येऊन सांगितले.' एकेक ओळ उतरवताना कान तापत होते. पण उतरवलं सगळं. शेवटची नोंद आदल्या दिवशीची होती: 'चेहरा लिहिला. मी घोडा न पाहता ओळखीन.' ती लिहिताना मला ओळ सरळ दिसेना.

आता राहिली एकच ओळ. ती वहीच्या दुसऱ्या तोंडाला होती, रोग्यांच्या बाजूला. 'खोटे बोलून आला.' मी वही उलटी केली, ती ओळ वाचली आणि वही मिटली. मनाला समजावलं, कारभाऱ्यांनी शाळेचा उतारा मागितलाय, आजाराचा नव्हे. ती बाजू वेगळी, ही बाजू वेगळी. आणि ती ओळ वाचून मला कोण ठेवून घेणार? आईचं काय?

मी कागद पुढे केला. वैद्यबुवांनी तो वाचला नाही. "तुमचं अक्षर, तुमची जबाबदारी," म्हणत सही केली आणि परत दिला. मी पाया पडून निघालो.

हौदापाशी येऊन थांबलो. तहान लागली होती म्हणा, किंवा पाय पुढे जाईनात म्हणा. कागद पुन्हा उघडून बघितला. माझी शेवटची ओळ जिथे संपत होती तिथे सही नव्हती. मधे दोन बोटं जागा सोडून, खाली सही होती. जो माणूस कागदाच्या कडेला, कोपऱ्यात, ओळीच्या पोटात लिहायचा, पण बोटभर कागद कोरा जाऊ द्यायचा नाही, त्याने दोन बोटं जागा सोडली होती. एक ओळ मावेल एवढी.

मी परत गेलो. ते एका माणसाची नाडी धरून डोळे मिटून बसले होते. माझ्या पावलांचा आवाज ओळखला असावा. डोळे न उघडता मोकळ्या हाताने दौत माझ्याकडे सरकवली. मी उकिडवा बसलो आणि लिहिलं, 'खोटे बोलून आला. हात गार. सुटका हवी.'

"वाळू टाका वर," ते म्हणाले. "ओली घडी केलीत तर पसरेल."

बस्स, एवढंच.

कारभाऱ्यांनी उतारा उभ्याउभ्या वाचला. मधे दोनदा मिशीत हसले. शेवटच्या ओळीपाशी आले आणि हसू गेलं. मी जमिनीकडे बघत होतो.

"अक्षर कुणाचं हे?"

"माझं, रावसाहेब."

"ही शेवटची ओळ?"

"तीही माझीच."

"मला सांगितलेलं खोटं हे?"

मान हलायला निघाली होती. मी ती थांबवली आणि तोंडाने म्हणालो, "होय."

त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग घडी करून कमरेला खोचत म्हणाले, "आजवरच्या कारकुनांनी पहिलं खोटं कबूल करायला वर्ष घेतलं. तुम्ही नेमणुकीआधीच उरकलंत. चला, वर्ष वाचलं. पहाटे पागेत या, चाळीस घोडी लिहायची आहेत."

मी धावत कसब्यात आलो. पडवीत पोरं दीडकी म्हणत होती. पंतोजींना सांगितलं. त्यांनी वही मागून उघडली, काहीतरी लिहिलं, आणि मला दाखवलं नाही. आतून काकी म्हणाल्या, "लागलास का रे कामाला? बस, तुझ्यापुरता शिरा करते."

"पानं अजून भेटली नाहीत," पंतोजी म्हणाले.

"वहीची नसतील भेटली," काकी म्हणाल्या आणि कढई चढवली.

शिरा होईपर्यंत मी एक कागद मागून घेतला. आईला पत्र लिहायचं होतं. आयुष्यातलं पहिलं. कोकणात उतरणारा एक ओळखीचा संध्याकाळी निघणार होता.

पंतोजी म्हणाले, "कोण वाचून दाखवणार त्यांना?"

"मामाच. मामांच्या वाडीत दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही."

मग पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललेलं दिसलं. "मग थोडक्यात लिहा. मामांना ठसका लागतो म्हणालात ना."

मी एवढंच लिहिलं: 'कारकून झालो. उन्हाळ्यात न्यायला येतो. तयारी करावी.'

स्वारीबरोबर उत्तरेला आलो तो मी ग्वाल्हेरीसच राहिलो. आई पुढे इथे माझ्याजवळ राहिली, अंगणात बाज टाकून उन्हात बसायची. ती सांगे, मामांनी ते पत्र दोनदा वाचलं. एकदा स्वतःशी. मग तिने हात धुऊन, चुलीपुढून उठून, बाहेर येऊन सांगितलं, "आता मोठ्याने," तेव्हा.